तार हुकली तर?

सागरवेध

नमस्कार मंडळी.

११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचं तेजस आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवलं. त्याची चित्रफीत मी आजवर कितीदा पाहिली, मोजलेलं नाही. शेपटाखालचा आकडा (हूक) डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि ताशी साधारण २४० किलोमीटर वेगाने आलेलं विमान अडीच सेकंदांत उभं राहतं. कागदावर हिशेब केला तर सरासरी २.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २.७ पट येतात. म्हणजे ७० किलोचा माणूस खांद्याच्या पट्ट्यांवर जवळजवळ १९० किलोंच्या जोराने पुढे ओढला जातो. अंतर नव्वद मीटरच्या आतबाहेर. क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेवरून निघालात तर खेळपट्टी ओलांडून थोडं पुढे जाल, एवढंच.

पण धागा काढतोय तो या थांबण्यासाठी नाही. आकड्याने उतरण्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा एका गोष्टीने माझी झोप उडवली. जेट वैमानिक डेकवर टेकतो त्या क्षणी थ्रॉटल मागे ओढत नाही, पुढे ढकलतो. जिथे थांबायचं तिथेच इंजिनाला ताकद द्यायची! कारण आकडा तारेत अडकला की नाही हे त्याला टेकताना कळलेलं नसतं. ते अंगाला जाणवेपर्यंत उरलेला डेक संपत आलेला असतो, आणि जेट इंजिनाला आयडलवरून (सर्वांत मंद गतीवरून) पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद त्याच्याकडे नसतात. म्हणून आधीच ताकद द्यायची. तार मिळाली तर तार त्या ताकदीसकट विमान थांबवते. नाही मिळाली तर तिरक्या डेकवरून तसंच सुटून पुन्हा हवेत. याला बोल्टर म्हणतात, आणि तो गुन्हा धरत नाहीत. फेरी मारून पुन्हा यायचं.

मला यातलं जे भिडलं ते असं, की अख्खी पद्धत तार हुकणार हे धरूनच बांधलेली आहे. अडकली तर उत्तम, पण हातपाय हलतात ते हुकल्यासारखे.

आता जमिनीकडे येतो, कारण आणीबाणीचा खरा भाग तिथे आहे. एफ-१५, एफ-१६ ही विमानं जन्मात जहाजावर जात नाहीत, तरी त्यांच्या शेपटाखाली आकडा असतो. आपल्या हवाई दलाच्या जॅग्वारलाही आहे. हायड्रॉलिक्स गेलं, ब्रेक गेले, पुढचं चाक वळेना, टायर फुटला, धावपट्टी ओली आहे, अशा वेळी धावपट्टीवर आडवी ताणलेली तार हा शेवटचा हात असतो. तार रबरी चकत्यांवर जमिनीपासून दोन-तीन इंच उचललेली असते. तिची दोन्ही टोकं धावपट्टीच्या कडेला असलेल्या मोठ्या रिळांवरच्या नायलॉनच्या पट्ट्यांना जोडलेली असतात, आणि रिळांना ब्रेक. विमान तार घेऊन पुढे जातं, पट्टे सुटत जातात, ब्रेक आवळत जातात. अमेरिकी हवाई दलाच्या नेहमीच्या प्रणालीत ही धाव ९५० फुटांची, म्हणजे सुमारे २९० मीटर, काही ठिकाणी १,२०० फुटांची असते. दीडशे नॉट्सने (ताशी सुमारे २८० किलोमीटर) अडकलात तर थांबायला सात-साडेसात सेकंद, आणि सरासरी एका जीच्या आसपास. जहाजाच्या मानाने फारच मवाळ.

यात दोन वाटा आहेत. धावपट्टी संपत आली आणि ब्रेक लागत नाहीत, म्हणून शेवटच्या टोकाची तार पकडायची, ही एक. दुसरी ठरवून, धावपट्टीच्या सुरुवातीची तार. बिघाड हवेतच कळला आहे, वेळ आहे, तर इंधन जाळून किंवा सोडून वजन कमी करायचं, टॉवरला आधी सांगायचं, खांद्याचे पट्टे आवळून कुलूप लावायचं, आकडा खाली. तारेच्या आधी पुरेसं अंतर राखून टेकायचं, साधारण ५०० फूट तरी. पुढचं चाक जमिनीवर आणायचं. मधोमध राहायचं. आणि तार हुकलीच तर पुन्हा उडायची तयारी ठेवायची. मला दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते. ब्रेक शंकास्पद आहेत हे माहीत असताना 'बघू लागतात का' म्हणत अख्खी धावपट्टी खर्च करायची आणि शेवटी तार शोधायची, यात उरलेली एकेक संधी आपण मागे टाकत जातो.

इथे हवाई दलातले, नौदलातले लोक आहेत हे माहीत आहे. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

मिनल_ठाणे

फार छान लिहिलंय. एक शंका. पुढचं चाक आधी टेकवायचं ते का? जहाजावर तर नाक वर असतानाच तार अडकते ना?

सागरवेध

मिनलताई, बरोबर आहे. जहाजावर सगळं एकाच फटक्यात होतं. उतरताना विमान नाक वर धरून, ठरलेल्या कोनात येतं, शेवटी हलकेच टेकवण्याचा प्रयत्नच करत नाही, आणि चाकांचे दांडे तो आपटा खायलाच बनवलेले असतात. जमिनीवरच्या विमानाचे दांडे तसे नसतात. नाक हवेत असताना तारेने मागून ओढलं तर नाक आपटतं आणि पुढचा दांडा मोडू शकतो. म्हणून आधी तिन्ही चाकं खाली, मग तार.

वास्कोकर

आमचं घर चिखलीला, दाबोळीच्या विमानतळाजवळ. लहानपणापासून सकाळचा आवाज अंगवळणी पडलेला. पर्यटकांना दाबोळी म्हणजे गोव्याचा विमानतळ वाटतो, पण मुळात तो आयएनएस हंसा, नौदलाचा तळ. सरावामुळे सकाळचे तास प्रवासी विमानांना बंद असायचे, त्यावरून बाहेरची मंडळी कुरकुर करायची. आम्ही कधी केली नाही.

हंसावरच किनाऱ्यावरची चाचणी सुविधा आहे. जहाजासारखा १४ अंशांचा उंचवटा उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी तारा. क्रिमियात साकी इथे सोव्हिएत काळात असंच सरावाचं ठिकाण बांधलं होतं, त्याच धर्तीवर. नौदलाच्या तेजसने आकड्याने पहिल्यांदा उतरून दाखवलं ते इथेच, १३ सप्टेंबर २०१९ ला. म्हणजे विक्रमादित्यच्या चार महिने आधी. राफेल मरीनचं प्रात्यक्षिकही जानेवारी २०२२ मध्ये इथेच झालं, नंतर अमेरिकी सुपर हॉर्नेट आलं.

सागरवेध, तुम्ही लिहिलेली ती ओळ, तार हुकणार हे धरून चालायचं, त्यासाठीच ही जागा आहे. इथे तार हुकली तर पुढे धावपट्टी आहे. जहाजावर पुढे समुद्र आहे.

अण्णा_निवृत्त

मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत होतो. वीस वर्षं झाली बाहेर पडून. तुम्ही लिहिलेली तारेची पद्धत बरोबर आहे, पण आपल्याकडे हवाई दलाच्या तळांवर शेवटचा आधार म्हणजे मुख्यतः जाळी. आमच्या भाषेत नुसतं बॅरियर. आपली बरीच विमानं, सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ पासून सुखोईपर्यंत, आकड्याशिवायची. त्यांचं थांबणं चाकांच्या ब्रेकवर आणि शेपटातून सुटणाऱ्या पॅराशूटवर. दोन्ही दगा देतील तेव्हा जाळी. आग्र्याची डीआरडीओची प्रयोगशाळा, जिथे पॅराशूट बनतात, तिथेच या जाळ्यांचंही काम होतं.

जाळी धावपट्टीच्या टोकापलीकडे दोन खांबांमध्ये असते. नायलॉनचे उभे पट्टे, वर आणि खाली एकेक आडवा पट्टा. विमानाचं नाक उभ्या पट्ट्यांमधून पुढे घुसतं आणि पट्टे पंखांच्या पुढच्या कडेवर येऊन बसतात. ओढ पंखांवर वाटली जाते, नाकावर नाही, हे यातलं मर्म.

एकदा हिवाळ्यात, उत्तरेकडच्या एका तळावर (नाव लिहीत नाही), धुकं नुकतं उठलं होतं. एक विमान उतरलं आणि शूट उघडलंच नाही. धावपट्टी ओली. आम्ही शेडच्या दारात उभे. विमान जिथे मंद व्हायला हवं तिथे मंद झालं नाही एवढं आमच्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात रेडिओवर बॅरियरचा पुकारा. टॉवरने जाळी उभी केली. पुढचं सगळं मी श्वास धरून पाहिलं. विमान अगदी सरळ, मधोमध गेलं. मोठा स्फोटासारखा आवाज होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही. कापड फाटल्यासारखा लांबलचक आवाज, आणि मग शांत.

धावत गेलो. पण अशा वेळी धावतानाही वाट पाहून धावायचं असतं. ब्रेक लालबुंद तापलेले असतात. टायर किंवा चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. म्हणून समोरून किंवा मागून जायचं, बाजूने कधीही नाही, आणि इंजिन पुरतं थांबल्याशिवाय पुढून किंवा मागून फार जवळही नाही. वैमानिकाने कॅनपी उघडली नव्हती. तेच बरोबर. जाळीत जाताना डोक्यावर झाकण हवंच, वरचा पट्टा कुठे येईल सांगता येत नाही. पट्टे बाजूला केले, वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट चुकून उडू नये म्हणून तिच्या पिना लावल्या, मग तो बाहेर आला.

संध्याकाळी तो आमच्या सेक्शनमध्ये चहाला आला. जाळी सांभाळणाऱ्या पोरांना भेटायचं होतं त्याला. नायलॉन उन्हाने मरतं. दिसायला धडधाकट, पण आतून जीव गेलेला. म्हणून आमची पोरं रोज सकाळी पट्ट्यान् पट्टा हाताने चाचपायची. वर्षानुवर्षं त्या जाळीत कुणी येत नाही. तरी रोज सकाळी चाचपायची.

मिनल_ठाणे

अण्णा, अंगावर काटा आला. त्या मुलांना माझा नमस्कार.

जर्सीवासी

अण्णांना सलाम. मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकी नौदलाच्या लेकहर्स्टच्या तळापासून गाडीने तासाभरावर. जहाजांच्या तारा, त्यांची यंत्रं यांच्या चाचण्या तिथे होतात. माझा त्या कामाशी संबंध नाही, व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, म्हणून या विषयाचं वेड.

तार 'हुकणं' म्हणजे नेमकं काय, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दर वेळी वैमानिक लांब टेकला असं नसतं. अमेरिकी नौदलाच्या एफ-३५सी या जेटच्या सुरुवातीच्या चाचण्यांत विमान बरोबर जागी येऊनही आकडा तार पकडेना. कारण असं निघालं: मुख्य चाकं तारेवरून गेली की तार खाली दबते आणि लाटेसारखी थरथरते. या विमानात चाकं आणि आकडा यांच्यातलं अंतर कमी आहे. त्यामुळे तार पुन्हा वर उसळायच्या आत आकडा तिच्यावरून पुढे निघून जायचा. आकड्याच्या टोकाचा आकार बदलला, आकडा खाली दाबून धरणारी यंत्रणा सुधारली, आणि ३ नोव्हेंबर २०१४ ला ते विमान निमित्झ या विमानवाहू जहाजावर उतरलं. एवढं प्रचंड विमान, आणि अडलं कुठे, तर दोरीच्या एका थरथरीवर.

दुसरं, तारेला वजन सांगावं लागतं. प्रत्येक विमान येण्याआधी डेकखालच्या यंत्रावर त्याचं उतरण्याचं वजन लावतात. कमी लावलं तर विमान थांबायच्या आत डेक संपेल. जास्त लावलं तर आकडा किंवा विमानाचं शेपूटच उपटून निघेल. आणि वेग पाहा: वजन १० टक्क्यांनी घटवलं तर तारेवरची ऊर्जा १० टक्क्यांनी घटते, वेग १० टक्क्यांनी घटवला तर १९ टक्क्यांनी. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात पळवतात.

निखारा

मला एक कळत नाही. एवढा आटापिटा कशाला? वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट आहे ना? शून्य उंची, शून्य वेग असला तरी चालणाऱ्या सीट आहेत आता. ब्रेक गेले तर बाहेर पडावं. विमान पुन्हा बनवता येतं, माणूस नाही.

अण्णा_निवृत्त

निखारा, तुमचा मुद्दा माणसाच्या बाजूचा आहे, म्हणून राग नाही. पण सीट म्हणजे लिफ्ट नव्हे. तो रॉकेटचा दणका आहे, पाठीचा मणका दबतो, काही जण पुन्हा लढाऊ विमानात बसू शकत नाहीत. शिवाय धावपट्टीवर तुम्ही बाहेर पडलात तर इंधनाने भरलेलं, कुणी न चालवणारं विमान पुढे कुठे जाईल? तळाच्या कुंपणापलीकडे घरं असतात. जाळी आहे, सरळ जाता येतंय, तर जाळीच बरी. जिथे सरळ जाता येत नाही, विमान कडेला ओढतंय, आग आहे, तिथे सीट. आणि हे सगळं जमिनीवर बसून ठरवायचं असतं, उड्डाणाच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये. दीडशे नॉट्सवर विचार करायला बसलात तर विचार पुरा व्हायच्या आत जाळी मागे गेलेली असते.

जर्सीवासी

अण्णांशी सहमत, पण समुद्रावर निखारांचं म्हणणं काही वेळा अक्षरशः लागू पडतं. तार तुटली तर वेळच नसतो. तार विमानाचा बराचसा वेग खाऊन तुटते, म्हणजे उडायला वेग पुरत नाही आणि थांबायला डेक पुरत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये रशियाच्या कुझनेत्सोव या विमानवाहू जहाजावर सुखोई-३३ असंच डेकवरून समुद्रात गेलं, वैमानिक बाहेर पडला म्हणून वाचला. त्याआधी नोव्हेंबरात त्याच जहाजाचं मिग-२९ तारांची दुरुस्ती होईपर्यंत घिरट्या घालत राहिलं आणि समुद्रात पडलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ट्रूमन जहाजावर आलेलं सुपर हॉर्नेट थांबवणं जमलं नाही, दोघेही बाहेर पडले.

आणि उलटंही आहे. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या आयझेनहॉवर जहाजावर टेहळणीचं हॉकआय उतरत असताना तार तुटली. ते पंख्याचं (टर्बोप्रॉप) विमान डेकच्या कडेखाली गेलं, क्षणभर दिसेनासं झालं, आणि मग पाण्यालगत उडताना दिसलं. पूर्ण ताकद आधीच दिलेली होती म्हणूनच. पण तुटलेल्या तारेच्या फटक्याने डेकवरचे आठ नौसैनिक जखमी झाले. आपण वैमानिकाकडेच पाहतो, डेकवर उभ्या माणसांकडे पाहत नाही.

सागरवेध

ही शेवटची ओळ मला लागली. मीही माझ्या लेखात डेकवरच्या माणसांचा एक शब्द लिहिला नाही.

विक्रांतची_लेक

मग मी लिहू का? इतके दिवस नुसतं वाचत होते.

माझे बाबा १९६१ ला नौदलात आलेल्या जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. त्या जहाजावर पहिलं जेट उतरलं १८ मे १९६१ ला, लेफ्टनंट ताहिलियानींनी उतरवलं, जे पुढे नौदलप्रमुख झाले. बाबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कोवळ्या वयात आले, आणि अरेस्टर गिअरच्या, म्हणजे विमान थांबवणाऱ्या तारा सांभाळणाऱ्या पथकात लागले. सी हॉक आणि अलीझे, दोन अगदी वेगळी विमानं. एक जेट, दुसरं तीन माणसांचं, पंख्याचं, पाणबुड्या शोधणारं. जर्सीवासींनी वजन लावण्याबद्दल लिहिलंय ना, ते बाबांचं रोजचं. कुठलं विमान येतंय याची आरोळी, मग यंत्रावर वजन, मग पुन्हा उलट आरोळी, मगच डेक मोकळा.

१९७१ च्या युद्धात विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी तशा अवस्थेत जहाज बंगालच्या उपसागरात लढवलं. ४ डिसेंबरला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला. लोकांना उड्डाणाची काळजी वाटते, पण बाबा सांगतात की आमच्या पोटात गोळा यायचा तो परतताना. जहाज हळू, म्हणजे समोरून वारा कमी, म्हणजे प्रत्येक विमान तारेवर जास्त जोराने येणार. तार तीच.

उतरणं झालं की दोन विमानांच्या मधल्या वेळात तारेवरून हात फिरवायचा. जाड हातमोजा किंवा फडकं. पोलादाचा एखादा धागा तुटून वर आला असेल तर फडकं अडकतं. मालवणला घरी आले की विहिरीचा दोरही ते तसाच तपासायचे, कळशी सोडायच्या आधी सगळा दोर मुठीतून ओढून. आई म्हणायची, अहो, पाणी काढायचंय, विमान नाही उतरवायचं. ते ऐकून घ्यायचे आणि दोर पूर्ण तपासूनच सोडायचे.

१९८७ नंतर अलीझेही विक्रांतवर उतरेनाशी झाली. सी हॅरियर सरळ खाली उतरायचं, त्याला तार नको. बाबांचं काम संपलं असंच सगळ्यांना वाटलं. नंतर मिग-२९के आलं, नवीन पोरं पुन्हा सगळं शिकली, काही तर परदेशात जाऊन. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या विक्रांतवर तेजस आणि मिग उतरले ती बातमी मी त्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी विमान पाहिलं नाही. विचारलं, तार कुणी सोडवली?

वास्कोकर

ताई, बाबांना नमस्कार सांगा. 'तार सोडवणं' म्हणजे काय ते लिहाल का? आमच्याकडे कुंपणापलीकडून ते दिसत नाही.

अण्णा_निवृत्त

ताई लिहितीलच, जमिनीवरचं मी सांगतो. तारेने थांबलेलं विमान लगेच मागे सरकायला लागतं, कारण ताणलेला पट्टा त्याला ओढून घेतो. त्या वेळी वैमानिकाने कचकन ब्रेक दाबायचा नसतो. मागे जाणाऱ्या विमानाला ब्रेक लावला तर नाक उचलतं आणि शेपूट जमिनीला लागू शकतं. इंजिनाला थोडी ताकद देऊन सरकणं सावरायचं. ताण सैल झाला की तार आकड्यातून गळते किंवा माणसं काढतात.

विक्रांतची_लेक

काल रात्री बाबांना मुद्दाम विचारलं. हल्ली फार बोलत नाहीत, ऐकूही कमी येतं. चहाचा कप खाली ठेवला. डावा तळवा छातीसमोर आडवा धरला. उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर केला आणि खालून झटक्यात तळव्यावर टेकवला. आकडा वर घे, अशी वैमानिकाला खूण. डेकवर आवाजात कुणाचं काही ऐकू जात नाही, म्हणून सगळं हातांनी. मग तारेकडे बोट, दोन पावलं मागे, डोकं खाली. सोफ्यावर बसूनच त्यांनी ती दोन पावलं टाकून दाखवली.